डाव्या कोपऱ्यातला सेन्सर

"ही गाडी खोटं बोलतीय," केसरकर मामांनी किल्ली चौगुले साहेबांच्या टेबलावर ठेवली. "चौथ्यांदा सांगाय आलोय. मला असली शहाणी गाडी नको. साधी करून द्या."

"साधी म्हणजे?"

"गप बसणारी. पुढचं सगळं वायरिंग उपटून टाका. घरात सूचना द्यायला एक माणूस हाय. गाडीत आणि दुसरं कशाला?"

चौगुले साहेबांनी माझ्याकडं बघितलं. मी लॅपटॉपकडं बघितलं. लॅपटॉप म्हणत होता की गाडीला काहीही झालेलं नाही.

ही सात वर्षांपूर्वीची गोष्ट. गडहिंग्लजला पिकअप गाड्यांच्या एका वर्कशॉपमध्ये मी नुकतीच लागले होते. कामाचं नाव भारदस्त होतं, डायग्नोस्टिक टेक्निशियन. म्हणजे स्टिअरिंगखालच्या सॉकेटात केबल खुपसायची आणि गाडीतला कॉम्प्युटर काय तक्रार करतोय ते वाचायचं. बाकीचे मेकॅनिक पाने घेऊन गाडीखाली शिरायचे, त्यांचे हात कोपरापर्यंत काळे व्हायचे. माझे हात स्वच्छ राहायचे, त्यामुळं मी काही काम करते यावर तिथं फारसा कुणाचा विश्वास नव्हता. "सहा महिने बघू, मग ठरवू," असं चौगुले साहेबांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. सहावा महिना चालू होता.

ज्ञानदेव केसरकर म्हणजे एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. बत्तीस वर्षांत एकही अपघात नाही. ही माहिती ते आधी द्यायचे, नाव नंतर. आजऱ्याजवळ त्यांच्या बायकोची, मालन मावशींची, रोपवाटिका होती. काजूची आणि फणसाची कलमं, गुलाब, कढीपत्ता असं सगळं गाडीत भरून ही जोडी आसपासच्या आठवडी बाजारांना जायची. गाडी दोन ओळींच्या केबिनची, पांढरी, नवीकोरी. मावशींच्या नावावर घेतलेली.

तिच्या पुढच्या बंपरमध्ये रुपयाएवढे चार गोल सेन्सर होते. गाडी हळू चालत असताना समोर किंवा कोपऱ्यावर काही आलं की आत टीं-टीं वाजायचं. वस्तू जितकी जवळ, तितकी टीं-टींची घाई, आणि अगदी खेटली की सलग एकच किंकाळी. मामांचं म्हणणं असं की बाजाराच्या गावात शिरायच्या तोंडावर ही किंकाळी सुरू होते आणि समोर चिटपाखरूही नसतं. वर्कशॉपमध्ये आणली की मात्र गाडी गरीब गाय. मी एकदा डाव्या कोपऱ्यातला सेन्सर बदलला होता, एकदा त्याची वायर बदलली होती, एकदा सॉफ्टवेअर नवीन घातलं होतं. तिन्ही वेळा महिन्याभरात किल्ली परत टेबलावर.

मामांना चहा देऊन बाहेर बसवल्यावर चौगुले साहेब मला म्हणाले, "रोहिणी, फ्यूज काढ आणि विषय संपव."

"साहेब, सुरक्षेची सिस्टिम आहे. मी फ्यूज काढला आणि उद्या कुणाला लागलं, तर जॉबकार्डावर सही माझी असेल."

"मग दोष शोध. उद्या त्यांच्याबरोबर बाजाराला जा. संध्याकाळपर्यंत सापडला नाही तर फ्यूज काढायचा. आणि मग..." त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघितलं. मीही बघितलं. महिना संपायला नऊ दिवस होते.

मामांना मात्र ही कल्पना फार आवडली. "या की. एसटीत माझ्या गाडीवर शिकाऊ कंडक्टर पाठवायचे. तुम्ही मागं बसा, मशीन लावा, आणि स्वतःच्या कानांनी ऐका."

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला मी रोपवाटिकेत पोचले, तेव्हा मालन मावशी गाडीत कलमं चढवत होत्या. साडीवर मामांचा जुना खाकी शर्ट, कमरेला खुरपं. बोलायला मऊ, कामाला चपळ. त्यांनी मला आधी चपाती आणि वांग्याची भाजी खायला घातली आणि मग नाव विचारलं.

"मावशी, गाडी तुमच्या नावावर आहे," मी म्हणाले. "कार्डावर तुमची तक्रार काय लिहू?"

"माझी?" त्यांनी कढीपत्त्याच्या पिशव्या मोजता मोजता मान हलवली. "माझी काय तक्रार न्हाई बघ. मला तो आवाज आवडतो."

"आवडतो?"

"सोबत वाटती."

ह्याचा अर्थ काय लावावा हे मला कळलं नाही, म्हणून मी बंपरकडं गेले. चारी सेन्सर नीट बसलेले होते. डाव्या कोपऱ्यातल्या सेन्सरच्या कडेला वाळलेलं पांढरं काहीतरी अडकलं होतं आणि दोन मुंग्या त्याच्यावर गंभीरपणे काम करत होत्या. पक्ष्यानं केलं असेल म्हणून मी ते नखानं झटकून टाकलं. कॉलेजात मला कोणी मुंग्यांकडं बघायला शिकवलं नव्हतं.

आम्ही नेसरीच्या बाजाराला निघालो. मामा स्टिअरिंगवर, मावशी त्यांच्या डावीकडं, मी मागं लॅपटॉप मांडीवर घेऊन. केबल दोघांच्या मधून माझ्यापर्यंत आलेली. मामांचं मोकळ्या रस्त्यावरचं ड्रायव्हिंग बघण्यासारखं होतं. गिअर कधी बदलला ते पोटाला कळायचं नाही. मागच्या कुंड्यांतलं पाणीसुद्धा हिंदकळत नसावं.

फक्त मावशी एकसारख्या बोलत होत्या.

"डावीकडं सायकलवाला हाय."

"दिसतोय."

"म्हस हाय डावीकडं."

"दिसतीय, दिसतीय. तिलाबी मी दिसतोय."

"कडंला दगड हाईत."

मामांनी आरशातून माझ्याकडं बघितलं. "ऐकताय न्हवं? हे मॉडेल चाळीस वर्षांचं जुनं हाय. पण एक दिवस बंद पडलं न्हाई."

मी हसले. मावशी हसल्या नाहीत, पुढं बघत राहिल्या. गाडी मात्र एकदाही उगाच वाजली नाही. रोपवाटिकेच्या अरुंद फाटकातून बाहेर पडताना दोन्ही कोपऱ्यांचे सेन्सर नियमाप्रमाणं टीं-टीं करून शांत झाले होते. माझ्या पडद्यावर चारी आकडे शहाण्या मुलांसारखे बसले होते.

नेसरी तीन-चार किलोमीटरवर आलं, तेव्हा एका फाट्यावर मामांनी चहासाठी गाडी थांबवली. तिथं थांबायचा त्यांचा नियम होता. मी आणि मामा टपरीत शिरलो. मावशी म्हणाल्या, "तुम्ही व्हा पुढं, मी गाडीला हात जोडून येते." त्यांच्या हातात एक लहानसा स्टीलचा डबा होता. फुलं असतील, असं मला वाटलं.

"रोज जोडते," मामा चहा फुंकत म्हणाले. "गाडी घेतल्यापासून लई देवभोळी झालीय. आधी न्हवती."

चहा झाला, आम्ही निघालो. निघताना गाडी क्षणभर ओरडली, ते टपरीपुढच्या माणसांमुळं असेल असं मला वाटलं, आणि वेग घेतल्यावर ती गप झाली. गावाची पहिली घरं आली, गाडीचा वेग उतरला, आणि केबिनमध्ये एकदम ती किंकाळी सुरू झाली. सलग, बारीक, कानात सुई घातल्यासारखी. समोर रिकामा रस्ता होता. मामांनी गाडी एका पिंपरणीखाली बाजूला घेतली आणि वळून माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं, की जणू मी त्यांची केस जिंकून दिली होती.

"ऐकलं? आता सांगा तुमच्या साहेबाला. दर बाजाराला हेच. असल्या आवाजात गर्दीत शिरता येतंय का? मग हितनं हातगाडी करायची आणि माल आत न्यायचा. बत्तीस वर्षं मी कोल्हापूरच्या स्टँडात गाडी घातलीय, आणि आता बाजाराच्या बाहेर थांबतोय, टांगा लावल्यासारखा."

मी पडद्याकडं बघितलं. तीन सेन्सर ठीक होते. डाव्या कोपऱ्यातला सांगत होता की कुणीतरी त्याला चिकटून उभं आहे.

मी उतरले. डाव्या कोपऱ्यापाशी उकिडवी बसले. कुणीही उभं नव्हतं. पण सेन्सरची चकती जरा फुगल्यासारखी दिसत होती. मी बोट लावलं. ते बोट आत रुतलं. मऊ, ओलसर, पांढरं. मी थोडं खरवडून काढलं, चोळलं, नाकाशी नेलं.

कणीक होती. चपात्यांची नव्हे, त्याहून पांढरी, गुळगुळीत. गाडीच्या रंगाशी अगदी मिळती. चकतीवर अशी सफाईनं थापली होती, की दोन फुटांवरून कुणाला संशय येऊ नये.

मी वर बघितलं. मावशी खिडकीतून मान बाहेर काढून माझ्याकडं बघत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर ना भीती होती ना लाज. फक्त डोळे मोठे करून त्यांनी मान अगदी थोडी, नकारार्थी हलवली.

"काय सापडलं?" आतून मामांनी विचारलं.

त्या क्षणी मला काय वाटलं ते अजून आठवतं. चार महिने मी ह्या सेन्सरच्या मागं होते. सेन्सर बदलला, वायर बदलली, माझी नोकरी एका कणकेच्या गोळ्यावर येऊन ठेपली होती, आणि तो गोळा थापणारी बाई मला सकाळी वांग्याची भाजी वाढून आता गप बस म्हणत होती. का, ते मला ठाऊक नव्हतं. नवरा-बायकोचं काहीतरी असेल, असं वाटलं. बाजाराबाहेर थांबलं की मावशींना थोडी उसंत मिळत असेल, मामा विक्रीत लुडबुड करत असतील, असलंच काहीतरी. म्हातारा-म्हातारीची गंमत. भांडण माझ्यासमोर नको.

"चिखल," मी म्हणाले. "डाव्या सेन्सरवर चिखल बसलाय, मामा. एवढंच."

"चिखल? मग पुसा की."

मी पुसला. चांगला, ओल्या फडक्यानं, चकती लख्ख होईपर्यंत. किंकाळी थांबली.

मामा स्टिअरिंगवर हात टेकून हसले, अगदी मनापासून. "एवढ्यासाठी चार फेऱ्या घातल्या. बसा बसा. आज गाडी थेट आपल्या जागेवर लावतो, बाजाराच्या मध्यावर."

"नको," मावशी म्हणाल्या. "हितंच बरं हाय. हातगाडीवाला येईल आत्ता."

"आता कशाला हातगाडी? दोष निघाला की."

"मला हितनं चालत जायची सवय झालीया."

"मग आज मोड."

मी मागं बसले. मावशींनी एकदा वळून माझ्याकडं बघितलं. काही बोलायचं होतं त्यांना, पण गाडी सुरू झाली होती.

बाजारात दोन्ही बाजूंना पालं लागली होती आणि मधून माणसांची रांग वाहत होती. मामा पायी चालायच्या वेगानं गाडी आत घेत होते. उजवीकडच्या माणसांना हात करत, नावानं हाका मारत. सेन्सर आपलं काम करत होते. उजवीकडं कुणी आलं की टीं, गेलं की गप. पुढं सरकलो. मग डावीकडचा बोलू लागला. टीं, टीं. पडद्यावर डाव्या कोपऱ्याचा आकडा नव्वद सेंटिमीटरवरून सत्तरवर आला, सत्तरवरून पन्नासवर. टीं-टींची घाई वाढली.

"अहो, डावीकडं," मावशी म्हणाल्या.

"दिसतंय."

"अहो, बाई बसलीया डावीकडं."

"दिसतंय म्हटलं न्हवं."

आकडा पस्तीसवर आला आणि सलग किंकाळी सुरू झाली.

"परत चिखल बसला वाटतं," मामा म्हणाले आणि गाडी पुढं घेत राहिले.

त्या अर्ध्या क्षणात मला सगळं एकदम कळलं. ते समोर बघत होते, शांतपणे, सवयीनं, आणि डावीकडं त्यांच्यासाठी काहीच नव्हतं. मी दोघांच्या मधून पुढं झेपावले आणि हँडब्रेक दोन्ही हातांनी वर ओढला. गाडीनं गचका दिला आणि इंजिन बंद पडलं. लॅपटॉप माझ्या पायावर पडला. मागं कुंड्या एकमेकींवर आदळल्या.

समोर डाव्या कोपऱ्यावर एक बाई आमच्याकडं पाठ करून मिरच्या निवडत बसली होती. अंगानं चांगली थोराड. बंपरनं तिची कोथिंबिरीची पाटी तिच्या पाठीत ढकलली होती. आणखी वीतभर गेलो असतो तर पाटीच्या जागी ती असती. तिनं आधी सांडलेल्या कोथिंबिरीकडं बघितलं, मग गाडीकडं, मग उठून कमरेवर हात ठेवले.

"एवढी मोठी गाडी आणि मी दिसंना व्हय तुला? मी काय सुई हाय? अरं, माझ्याएवढी बाई दिसली न्हाई म्हणजे तुला डोंगर तरी दिसतोय का?"

आजूबाजूचे लोक हसायला लागले. मामा दार उघडून उतरले, गाडीला वळसा घालून तिच्यासमोर जाऊन उभे राहिले. मला वाटलं आता बत्तीस वर्षांचा पाढा सुरू होणार.

"न्हाई दिसली, बाई," ते म्हणाले.

अगदी हळू म्हणाले. त्या बाईनं पुढच्या वाक्यासाठी तोंड उघडलं होतं, ते तिनं मिटलं. खाली बसून कोथिंबीर गोळा करायला लागली. मामाही तिच्याबरोबर खाली बसले आणि जुड्या उचलून पाटीत ठेवू लागले. डावीकडच्या जुड्या त्यांच्या हातून राहून जात होत्या. त्या मी उचलल्या.

बाजारातल्या दोघातिघांनी गाडी ढकलून एका रिकाम्या जागेत लावली. मामा गाडीला टेकून उभे राहिले. मग त्यांनी डाव्या डोळ्यावर तळहात ठेवला आणि इकडंतिकडं बघितलं. हात काढला. मग उजव्या डोळ्यावर ठेवला, आणि तसेच बराच वेळ उभे राहिले. मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर, डावीकडं होते.

"पोरी," त्यांनी विचारलं, "तू हितंच उभी हाईस न्हवं?"

"हो, मामा."

"आवाज आला. दिसली न्हाईस."

मावशी गाडीच्या पायरीवर बसल्या होत्या. मांडीवर तो स्टीलचा डबा. त्यांनी झाकण उघडून डबा मामांच्या हातात दिला. आत कणकेचा गोळा होता.

"हे काय?"

"मीच लावत होते. फाट्यावर. आणि घरी जाताना पुसून टाकत होते."

मामा गोळ्याकडं बघत राहिले. "कणीक?"

"नुसती कणीक पिवळट दिसत होती. म्हणून निम्मा मैदा घालायचे."

"चार महिने मी कंपनीला शिव्या घालतोय," मामा सावकाश म्हणाले, "आणि तू घरात मैदा मळतीस."

"मग काय करू? दिवाळीच्या बाजारात तुम्ही त्या कुंभाराची मडकी फोडली. म्हणालात, त्यानंच मधे आणून ठेवली. आदल्या दिवसापासनं होती ती तिथं. डोळे दाखवू म्हटलं की तुम्ही बत्तीस वर्षं काढायचा. भांडून झालं, रडून झालं. मोकळ्या रस्त्यानं मी सांगत बसते डावीकडचं. पण गर्दीत मी किती सांगणार? म्हटलं, गाडीच वाजू दे. आवाजाला कंटाळून तरी बाहेर थांबतील."

शेजारच्या पालावर एक जण प्लास्टिकच्या चपलांचं कौतुक माईकवरून सांगत होता.

"मामा," मी म्हणाले, "मघाशी मीही चिखल म्हणाले. कणीक आहे हे मला कळलं होतं. तेव्हाच सांगायला हवं होतं."

मामांनी आमच्या दोघींकडं आळीपाळीनं बघितलं. माझ्याकडं बघायला त्यांना पूर्ण मान वळवावी लागली.

"म्हणजे गाडी सोडून सगळी खोटं बोलत होती," ते म्हणाले. "मी धरून."

मग त्यांनी खिशातून किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली आणि डब्यातला गोळा चिमटीनं काढून बाजूच्या कुत्र्याला टाकला. कुत्र्यानं वास घेतला आणि खाल्ला नाही. "बघ," ते मावशींना म्हणाले, "त्यालाबी पटंना." आणि मावशी एकदम हसल्या. हसता हसता शर्टाच्या बाहीनं डोळे पुसायला लागल्या.

कलमं मात्र दुपारपर्यंत सगळी विकली गेली. मावशींचा धंदा कशानं थांबत नसे. त्या कोथिंबीरवाल्या बाईनं एक कढीपत्त्याचं रोप हक्कानं मागून घेतलं.

परत येताना गाडी मी चालवली. मामा माझ्या डावीकडं बसले, आयुष्यात पहिल्यांदा असावं. त्यांचा उजवा पाय प्रत्येक वळणावर खालच्या मॅटवर दाबला जात होता. गिअर बदलताना मी जरा करकर केली की ते डोळे मिटून घ्यायचे. पण तोंडानं एक शब्द बोलले नाहीत. मावशीही मागं गप्प होत्या. सांगायला आता काही उरलं नव्हतं.

वर्कशॉपमध्ये चौगुले साहेब दारातच होते. "सापडला का दोष?"

"सापडला," मामा म्हणाले. "कार्ड आणा आणि पेन द्या."

मला वाटलं मावशींनी तरी किंवा मी तरी मध्ये पडावं. पण मामा टेबलाशी बसले होते. डेपोत गाडी जमा करताना ड्रायव्हरनं वहीत बिघाड लिहायचा आणि खाली सही करायची, हे त्यांनी हजारो वेळा केलेलं काम होतं. कार्डावर 'ग्राहकाची तक्रार' अशा रकान्यात त्यांनी वळणदार अक्षरात लिहिलं: 'गाडी निर्दोष. ड्रायव्हरला डाव्या बाजूचे दिसत नाही. तपासणी व्हावी.' खाली सही केली, तारीख घातली.

चौगुले साहेबांनी ते दोनदा वाचलं. "केसरकर साहेब, हे कार्ड मी बंद कसं करू? 'केलेली दुरुस्ती' ह्या रकान्यात काय लिहू?"

"उघडं ठेवा. दुरुस्त होऊन येतो."

ते कार्ड तेवीस दिवस उघडं राहिलं. आमच्या कॉम्प्युटरवर उघडं कार्ड लाल रंगात दिसायचं, आणि चौगुले साहेब रोज सकाळी त्या लाल ओळीकडं बघून माझ्याकडं बघायचे. मधल्या काळात महिना संपला. माझ्याबद्दल काय ठरलं ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही, रोजच्यासारखी येत राहिले. एक दिवस हजेरीच्या वहीत माझं नाव कायम कामगारांच्या पानावर आलेलं दिसलं. चौगुले साहेब एवढंच म्हणाले, "कटकटी गिऱ्हाईकांकडं पाठवायला कुणीतरी पाहिजेच."

चोविसाव्या दिवशी मामा आणि मावशी एसटीनं आले. मामांच्या डोळ्यांवर काळा चष्मा, मावशींच्या हातात कोल्हापूरच्या डॉक्टरांची फाईल. काचबिंदू होता. दुखत नाही, खुपत नाही, बाजूबाजूनं नजर खात येतो, आणि माणसाला पत्ता लागत नाही. डावा डोळा जवळजवळ गेलेला. उजव्यातही सुरुवात झाली होती. डॉक्टर म्हणाले होते, आणखी वर्षभर उशीर केला असता तर उजवाही हाती लागला नसता. आता थेंब घालायचे, रोज, जन्मभर.

"काढ कार्ड," मामा मला म्हणाले. "लिही. डावा निकामी. उजवा थेंबांवर चालू."

मी लिहिलं.

"गाडी चालवणे..." ते थांबले. काळा चष्मा नीट केला. "गाडी चालवणे बंद."

मी लिहिलं आणि पेन त्यांच्यापुढं धरलं. त्यांनी ते मावशींकडं सरकवलं. "मालकीण ती हाय. तिची सही घे."

मावशींनी सही केली. चौगुले साहेबांनी बटण दाबलं आणि ती लाल ओळ पडद्यावरून गेली. त्यांनी सगळ्यांसाठी चहा मागवला, ही त्या वर्कशॉपमध्ये नवीन गोष्ट होती.

"मग गाडी आता?" मी विचारलं.

"मी शिकणार," मावशी म्हणाल्या. "आजऱ्यात क्लास हाय. सोमवारपासनं जाती."

मामांनी कप खाली ठेवला. "क्लास कशाला? बत्तीस वर्षांचा माणूस घरात बसलाय. मी शिकवतो की."

"तुम्हाला दिसत न्हाई."

"तोंडानं सांगायला काय दिसावं लागतंय?"

"तेच नको हाय मला," मावशी म्हणाल्या. आवाज मऊच होता, पण त्यात चाळीस वर्षांचं काहीतरी होतं. "मी क्लासला शिकणार. शिकले की तुम्हाला बाजाराला नेणार. पण पहिले दोन महिने तुम्ही पुढं बसायचं न्हाई. मागं बसायचं आणि बोलायचं न्हाई."

चौगुले साहेबांनी उगाच टेबलावरचे कागद सारखे केले. मी कार्ड फाईलमध्ये लावायचं नाटक करत होते.

"मागं," मामा शेवटी म्हणाले. "खिडकीजवळ?"

"खिडकीजवळ."

"उजवीकडच्या खिडकीजवळ," ते म्हणाले. "त्या बाजूचं दिसतंय अजून."